मेल सर्व्हर बसवताना: कोणती फाइल कोणत्या डिस्कवर

गेल्या मे महिन्यातील एका सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या लेखा विभागातून मला फोन आला. "भाऊ, शनिवारपासून बाहेरचा एकही मेल येऊन नाही राहिला. आपसातले मेल बरोबर जाऊन राहिले, म्हणून आमच्या ध्यानातच नाही आलं," असे तिथले जुने लेखापाल सांगत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. दोन मोठ्या खरेदीदारांच्या ऑर्डर त्या दोन दिवसांत यायच्या होत्या. तो एक्स्चेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, दोन वर्षांपूर्वी मीच बसवला होता, त्यामुळे दोष शोधायला मला दुसरीकडे पाहण्याची सोय नव्हती.

तेथे पोहोचून बाहेरून येणारी जोडणी तपासली, तेव्हा आमचा सर्व्हर समोरच्या प्रत्येक सर्व्हरला "४५२ ४.३.१, यंत्रणेकडे पुरेशी साधने नाहीत" अशा अर्थाचे उत्तर देऊन परत पाठवत होता. मेल सर्व्हरच्या भाषेत ४ ने सुरू होणारे उत्तर तात्पुरते असते. पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःकडे ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, आणि बहुतेक सर्व्हर हे काही दिवस करत राहतात. त्यामुळे शनिवारचे मेल अजून हरवलेले नव्हते. डी ड्राइव्हवर दीड टीबीपेक्षा जास्त जागा रिकामी होती. सी ड्राइव्ह मात्र काठोकाठ भरला होता. एक्स्चेंजमध्ये रांगेत असलेले मेल ज्या ड्राइव्हवर साठवले जातात, तेथील रिकामी जागा कमी होऊ लागली की सर्व्हर आपणहून हात आखडता घेतो. आधी बाहेरचे मेल घेणे थांबवतो आणि जागा आणखी कमी झाली तर आतलेही. या व्यवस्थेला 'बॅक प्रेशर' म्हणतात. ती बिघाड नसून संरक्षण आहे, कारण जागा नसताना मेल स्वीकारून तो गमावण्यापेक्षा दारातच थांबवणे केव्हाही चांगले.

चूक माझ्या मांडणीत होती. दोन वर्षांपूर्वी मी मेलबॉक्सचा डेटाबेस आणि त्याचे लॉग आठवणीने डी ड्राइव्हवर हलवले होते. पण मेलची रांग, वेब सर्व्हरच्या नोंदी आणि एक्स्चेंजच्या स्वतःच्या निदान-नोंदी हे सारे इन्स्टॉलेशनने जिथे ठेवले, तिथेच, म्हणजे १२० जीबीच्या सी ड्राइव्हवर राहू दिले होते. त्यातील वेब सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे 'इनेटपब' फोल्डरातील लॉग फाइल्स, आपोआप कधीच पुसल्या जात नाहीत. मोबाईलवर मेल पाहणारे शंभर-सव्वाशे लोक असले की प्रत्येक फोन दिवसभर सर्व्हरशी बोलत राहतो आणि प्रत्येक बोलण्याची एक ओळ तेथे लिहिली जाते.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, जिच्यामुळे त्या दिवशी काही बिघडले नाही, पण बिघडू शकले असते. सी आणि डी हे दोन ड्राइव्ह म्हणजे प्रत्यक्षात दोन डिस्कच्या एकाच मिरर जोडीचे (दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिणाऱ्या जोडीचे) दोन भाग होते. कागदावर वेगळे वाटणारे डेटाबेस आणि लॉग एकाच डिस्कजोडीवर लिहिले जात होते.

त्या सोमवारनंतर मी कामाची पद्धत बदलली. नवा सर्व्हर बसवायचा म्हटले की ग्राहक आधी विचारतो, "किती टीबी घ्यायचे?" मी आता त्याआधी दोन प्रश्न विचारतो. कोणती फाइल भरली तर काय थांबेल? आणि कोणती डिस्क मेली तर काय जाईल? हे दोन धोके वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. भरण्याच्या धोक्यावर पार्टिशन, म्हणजे एकाच डिस्कचे वेगळे भाग पाडणे, पुरते, कारण एका भागातील नोंदी फुगल्या तरी दुसऱ्या भागाची जागा खात नाहीत. मरण्याच्या धोक्यावर मात्र पार्टिशनचा काहीही उपयोग नाही; तेथे डिस्कच वेगळी लागते. एका पायावर कितीही खोल्या पाडल्या तरी पाया खचला की सगळ्याच खोल्या जातात. आभासी यंत्रांच्या बाबतीत तर ही फसगत फारच सहज होते, कारण तिथे चार आभासी डिस्क तयार करणे म्हणजे चार क्लिकचे काम असते आणि त्या चारही खाली एकाच संचावर झोपलेल्या असतात.

डेटाबेस आणि लॉग वेगळे का ठेवायचे, हे समजण्यासाठी एक्स्चेंज लिहितो कसा, ते पाहावे लागते. मेल आला की तो थेट डेटाबेसच्या मोठ्या फाइलमध्ये जात नाही. आधी तो ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये, म्हणजे एका मागोमाग एक तयार होणाऱ्या छोट्या फाइल्समध्ये लिहिला जातो. एक्स्चेंज २००७ पासून यातील प्रत्येक फाइल बरोबर १ एमबीची असते. त्याआधी ती ५ एमबीची असे. डेटाबेसमधील पाने, म्हणजे माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे, मेमरीत बदलली जातात आणि सवडीने डिस्कवर उतरतात. किराणा दुकानातील कच्च्या वहीसारखे हे आहे: दिवसभराचा व्यवहार आधी कच्च्या वहीत, आणि रात्री खतावणीत. खतावणी जळाली तरी कालपर्यंतची प्रत आणि आजची कच्ची वही हाती असेल, तर सगळा हिशेब पुन्हा उभा करता येतो. एक्स्चेंजमध्येही असेच होते. डेटाबेसची डिस्क दुपारी चार वाजता मेली, तर रात्रीचा बॅकअप परत आणायचा आणि त्यावर सकाळपासूनचे लॉग चढवायचे. शेवटच्या मेलपर्यंत सारे परत येते. मात्र त्यासाठी लॉग जिवंत असले पाहिजेत. डेटाबेस आणि लॉग एकाच जोडीवर असतील आणि ती जोडी गेली, तर तो अख्खा दिवस गेला.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण नागपुरातील दोन ठिकाणी मी हा गोंधळ पाहिला आहे. मोठ्या संस्थांसाठीच्या शिफारशींमध्ये डेटाबेस आणि त्याचे लॉग एकाच डिस्कवर ठेवा, रेडचीही (अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी दगावली तरी माहिती टिकवण्याच्या पद्धतीचीही) गरज नाही, असे लिहिलेले असते. ते खरे आहे, पण ते अशा ठिकाणांसाठी आहे जिथे एकाच डेटाबेसच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर सतत चालू असतात आणि एक डिस्क गेली तर दुसरी प्रत काही सेकंदांत पुढे येते. हिंगण्यातल्या, बुटीबोरीतल्या किंवा वाडीच्या वाहतूक कंपन्यांच्या कचेऱ्यांमध्ये एकच सर्व्हर असतो. एका सर्व्हरच्या घराने चार सर्व्हरच्या घराचा सल्ला घेतला, तर सल्ल्यातील स्वस्तपणा तेवढा त्याच्या वाट्याला येतो आणि संरक्षण येत नाही.

'सर्क्युलर लॉगिंग' या पर्यायाचेही तसेच आहे. तो चालू केला की जुने लॉग आपोआप पुसले जातात आणि ड्राइव्ह भरत नाही, म्हणून तो मोहक वाटतो. एकट्या सर्व्हरवर तो कायमचा चालू ठेवणे म्हणजे दुकानदाराने कच्ची वही रोज दुपारी फाडून टाकणे होय. लॉग कमी करण्याचा योग्य मार्ग म्हणजे एक्स्चेंजला ओळखणारा बॅकअप, जो यशस्वीपणे पूर्ण झाला की सर्व्हर स्वतःच नको असलेले लॉग काढून टाकतो. म्हणून लॉगचा ड्राइव्ह भरू लागला, तर तो बहुधा 'बॅकअप होत नाही' असा निरोप असतो. मी पाहिलेल्या एका कचेरीत हा निरोप वाचला गेला नाही. तेथील तंत्रज्ञाने जागा मोकळी करण्यासाठी हातानेच लॉग फाइल्स पुसल्या, आणि त्यात डेटाबेसला अजून हव्या असलेल्या फाइल्सही गेल्या. सर्व्हर अचानक बंद पडल्यावर तो डेटाबेस पुन्हा चढेना, म्हणजे सुरूच होईना. अशा वेळी दुरुस्तीची एक कठोर आज्ञा उरते, जी न जुळणारी पाने टाकून देते आणि त्यांच्यासोबत त्यातले मेलही. त्या रात्री किती मेल गेले, हे कोणीही सांगू शकले नाही. लॉग फाइल हाताने पुसू नये, हे मी आता प्रत्येक ठिकाणी लिहून देतो.

लॉगसाठी किती जागा ठेवायची? मायक्रोसॉफ्टच्या जुन्या अंदाजानुसार दिवसाला १०० मेल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या एका मेलबॉक्समागे रोज साधारण २० लॉग तयार होतात. त्या कारखान्यात १२० मेलबॉक्स आहेत, म्हणजे रोज २,४०० लॉग, म्हणजे सुमारे २.३ जीबी. हा अंदाज सरासरी ७५ केबीच्या मेलसाठी आहे. ज्या कचेरीत रोज पीडीएफ बिले आणि यंत्रभागांचे आराखडे फिरतात, तिथे तो तीन-चार पटींनी वाढवूनच धरावा. दिवाळीच्या सुटीत बॅकअप सात दिवस अडला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तरी सर्व्हर तग धरेल, इतकी जागा मी ठेवतो.

पण लॉगचा खरा पूर रोजच्या वापरात येत नाही, तो स्थलांतराच्या वेळी येतो, आणि याचा विचार फार थोडे लोक आधी करतात. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर मेलबॉक्स हलवताना प्रत्येक हललेला मेल नव्या सर्व्हरच्या दृष्टीने नवीनच असतो, म्हणून तो लॉगमध्येही लिहिला जातो. ७०० जीबी हलवले तर किमान तितकेच लॉग तयार होणार. शनिवारी संध्याकाळी सगळे मेलबॉक्स हलवायला लावून घरी गेले आणि रविवारी सकाळी लॉगचा ड्राइव्ह भरून डेटाबेस उतरलेला सापडला, असे होते. यावर दोन मार्ग आहेत. एकतर रोज थोडे मेलबॉक्स हलवायचे आणि प्रत्येक रात्री पूर्ण बॅकअप घ्यायचा, किंवा केवळ स्थलांतरापुरते सर्क्युलर लॉगिंग चालू करायचे, काम संपताच ते बंद करायचे आणि त्याच रात्री पूर्ण बॅकअप घ्यायचा. एकट्या सर्व्हरवर हा बदल डेटाबेस उतरवून पुन्हा चढवल्यावरच लागू होतो, हे विसरू नये. मी पहिला मार्ग पसंत करतो; त्याला वेळ लागतो, पण मध्येच काही झाले तर परतीची वाट मोकळी राहते.

डेटाबेसच्या आकाराबद्दल लोकांना एक गोष्ट पटवणे कठीण जाते: मेल पुसले म्हणजे फाइल लहान होत नाही. पुसलेल्या मेलची जागा फाइलच्या आतच रिकामी राहते आणि नव्या मेलला मिळते. विंडोजला मात्र फाइल तेवढीच दिसते. त्यातच पुसलेले मेल मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवस मागे जपले जातात. फाइल खरोखर आकसायची असेल तर डेटाबेस उतरवून डीफ्रॅगमेंट करावे लागते, आणि त्यासाठी तयार होणाऱ्या फाइलच्या ११० टक्के मोकळी जागा लागते, म्हणजे जागा संपली असतानाच जागा मागणारा हा उपाय आहे. त्याऐवजी नवा डेटाबेस तयार करून मेलबॉक्स त्यात हलवणे आणि जुना काढून टाकणे हे सोपे पडते, कारण त्यात कोणाचे काम थांबत नाही. अर्थात, त्यासाठीही एका डेटाबेसइतकी जागा हाताशी असावी लागते. म्हणून मी डेटाबेसच्या व्हॉल्यूमवर नेहमी एका पूर्ण डेटाबेसइतकी जागा मोकळी सोडतो.

एकाच प्रतीवर चालणारा डेटाबेस २०० जीबीपेक्षा मोठा होऊ देऊ नये, ही शिफारस मी पाळतो. त्याचे कारण वेगाशी नव्हे, परत आणण्याच्या वेळेशी आहे. २०० जीबी बॅकअपमधून परत यायला काही तास लागतात, पण एक टीबी यायला दिवस जातो, आणि तोवर सगळी कचेरी थांबते. १२० मेलबॉक्स आणि सरासरी ६ जीबी म्हणजे ७२० जीबी. त्याचे प्रत्येकी ३० मेलबॉक्सचे चार डेटाबेस केले की प्रत्येक १८० जीबीच्या आसपास राहतो. एक्स्चेंजच्या स्टँडर्ड आवृत्तीत एका वेळी पाच डेटाबेस चढवता येतात, म्हणजे चार वापरात आणि पाचवा अडीअडचणीला. लेखा विभागाचे मेलबॉक्स मी एका डेटाबेसमध्ये एकत्र ठेवत नाही, चारही डेटाबेसमध्ये वाटतो. एक डेटाबेस काही तास बंद राहिला तरी विभागातील कोणीतरी काम करू शकतो. मेलबॉक्स लहान ठेवा, असे सांगून मात्र उपयोग होत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि अनेक कचेऱ्यांमध्ये ती कागदपत्रे मेलमध्येच असतात. लेखापाल पुसत नाहीत, हे त्यांचे बरोबरच आहे. त्याची तजवीज आपण करायची.

आता वेगाबद्दल. विक्रेते सगळ्यात जास्त याच गोष्टीवर बोलतात आणि लहान कचेरीला हीच गोष्ट सगळ्यात कमी लागते. एक्स्चेंज २००३ च्या काळी डिस्कचा वेग हीच मोठी अडचण होती, कारण ३२ बिटांमुळे मेमरी तोकडी पडे आणि सर्व्हर सारखा डिस्ककडे धावे. २००७ मध्ये ६४ बिट आले आणि पानाचा आकार ४ वरून ८ केबी झाला. २०१० मध्ये तो ३२ केबी झाला आणि डिस्कवरचा भार पुन्हा खाली आला. २०१३ च्या हिशेबात दिवसाला १०० मेलच्या एका मेलबॉक्समागे सेकंदाला ०.०६७ इतकीच वाचन-लेखन कामे धरली आहेत. १२० मेलबॉक्स असतील तर ती सेकंदाला ८ होतात! मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची एक साधी डिस्कही सेकंदाला ७५ ते १०० अशी कामे करते. पार्श्वभूमीची देखभाल, शोध आणि बॅकअप यांचा भार त्यात मिळवला तरी दोन साध्या डिस्कची मिरर जोडी एवढ्या कचेरीला झेपते. म्हणून सर्वांत वेगवान डिस्कवर पैसे खर्च करण्यापेक्षा ते वेगळ्या डिस्कच्या जोड्यांवर आणि वीज गेल्यावरही लिखाण जपणाऱ्या डिस्कवर खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे.

रेडचा प्रश्न याच अंगाने पाहावा. रेड ५ मध्ये एका छोट्या लेखनासाठी डिस्कवर चार कामे होतात, रेड ६ मध्ये सहा, आणि मिरर किंवा रेड १० मध्ये दोनच. त्याहून मोठा फरक डिस्क बदलल्यानंतर दिसतो. रेड ५ मधील एक मोठी डिस्क गेली की उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच तासांत दुसरी डिस्क दगावण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, कारण सगळ्या एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेल्या असतात. साध्या वर्गातील डिस्कची न वाचता येणाऱ्या बिटाची हमी १० च्या १४ व्या घातामागे एक अशी असते, म्हणजे सुमारे १२.५ टीबी वाचनामागे एक चूक संभवते; सर्व्हरच्या वर्गातील डिस्कची हमी याच्या दसपट चांगली असते. त्यामुळे मी मिरर जोड्याच वापरतो. जोडीतील दोन डिस्क शक्य असेल तर वेगवेगळ्या खेपेच्या घेतो. ज्या डिस्कमध्ये पट्ट्या एकमेकींवर कौलांसारख्या चढवून लिहिल्या जातात, त्या एसएमआर प्रकारच्या डिस्क सर्व्हरमध्ये घालत नाही, कारण एका ठिकाणी लिहिण्यासाठी त्यांना शेजारचे सारे पुन्हा लिहावे लागते आणि जोडी पुन्हा बांधताना त्या अक्षरशः रांगतात. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, घ्यायची तर अंगभूत कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) असलेली घ्यावी, म्हणजे वीज गेली तरी हातातले शेवटचे लिखाण ती पूर्ण करते. लॅपटॉपची एसएसडी "लिहिले" म्हणून सांगते आणि ते अजून तिच्या मेमरीतच असते. लॉगच्या बाबतीत हे खोटे फार महाग पडते.

वीज आणि उन्हाळा यांचा नागपुरात वेगळा विचार करावाच लागतो. बहुतेक सर्व्हर खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत असेल असे धरून बनवलेले असतात. नवतप्याच्या दिवसांत बाहेर ४५ अंश असताना, पत्र्याच्या शेडशेजारच्या कोंदट खोलीत हे कसे जमायचे? अनेक ठिकाणी उपाय म्हणून खिडकीत कूलर लावलेला दिसतो. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. ती ओल आणि तिच्यासोबतची धूळ सर्व्हरचे पंखे थेट आत ओढतात. सर्व्हरच्या खोलीत कूलर नकोच. दीड टनाचा एसी आणि तो बंद पडला तर फोनवर निरोप देणारा तापमापक, एवढे हवे.

उन्हाळ्याचा आणखी एक परिणाम मला एका दुसऱ्या कचेरीत बऱ्याच उशिरा कळला. तेथे एप्रिलपासून मेल उघडायला वेळ लागतो, अशी तक्रार होती. डिस्क ठणठणीत होत्या, मेमरीही पुरेशी होती. शेवटी रेड कार्डाच्या, म्हणजे डिस्कच्या जोड्या सांभाळणाऱ्या कार्डाच्या, नोंदी पाहिल्या, तेव्हा त्यावरील बॅटरी उष्णतेने खराब झालेली आढळली. बॅटरी चांगली असेपर्यंत कार्ड लिखाण आपल्या मेमरीत घेते आणि लगेच "झाले" म्हणते, कारण वीज गेली तरी ते जपता येईल अशी त्याला खात्री असते. ही खात्री गेली की कार्ड आपणहून प्रत्येक लिखाण डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबू लागते. बॅटरी बदलली आणि तक्रार त्याच दिवशी थांबली. या कार्डात बॅटरी नसली तरी मेमरीत लिखाण घेण्याची एक सक्तीची सेटिंग असते. वेग वाढवण्यासाठी तिला हात लावू नये. शक्य असेल तर बॅटरीऐवजी कपॅसिटर आणि फ्लॅश असलेले कार्ड घ्यावे.

सी ड्राइव्हचा आकार ठरवतानाही घाई होते. एक्स्चेंजच्या कागदपत्रांत किमान गरज म्हणून इन्स्टॉलेशनच्या ड्राइव्हवर ३० जीबी, विंडोजच्या ड्राइव्हवर २०० एमबी आणि रांगेच्या ड्राइव्हवर ५०० एमबी मोकळी जागा, असे आकडे दिलेले आहेत. ते सेटअप पुढे सरकण्यासाठीचे आकडे आहेत, वर्षे काढण्यासाठीचे नव्हेत. एक्स्चेंज २०१९ पासून पेजफाइल (मेमरीला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) मेमरीच्या २५ टक्के ठेवायची असते, म्हणजे ६४ जीबी मेमरी असेल तर १६ जीबी तिथेच गेले. प्रत्येक मोठ्या अपडेटची फाइल पाच-सहा जीबीची असते आणि ती बसवताना सेटअप स्वतःच्या नोंदी मागे ठेवतो. नोंदी सरसकट पुसताही येत नाहीत: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस देशातच जपावे लागतात. म्हणून आठवड्याला एक छोटी स्क्रिप्ट वेब सर्व्हरच्या जुन्या नोंदी दाबून, झिप करून, दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवते आणि मगच येथून काढते.

त्या कारखान्याचा सर्व्हर आम्ही नंतर नव्याने उभा केला. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि जुलै २०२५ मध्ये सबस्क्रिप्शन आवृत्ती आली होती, त्यामुळे निमित्तही होते. मांडणी अशी केली. ४८० जीबीच्या दोन एसएसडींची पहिली मिरर जोडी, तिचे तीन भाग: विंडोजला १६० जीबी, एक्स्चेंजचे प्रोग्रॅम आणि सर्व नोंदी यांना २०० जीबी, आणि मेलच्या रांगेला स्वतंत्र ८० जीबी. रांग हलवण्यासाठी एक्स्चेंजसोबतच एक तयार स्क्रिप्ट येते, तिने हे पाच मिनिटांत होते. दुसरी जोडी १.९२ टीबीच्या एसएसडींची, केवळ चार डेटाबेससाठी. तिसरी जोडी ९६० जीबीची, केवळ लॉगसाठी. डेटाबेस आणि लॉगचे व्हॉल्यूम ६४ केबीच्या अ‍ॅलोकेशन युनिटने (फाइलला जागा देण्याच्या एककाने) तयार केले. बॅकअप या पेटीत ठेवलाच नाही. तो दुसऱ्या इमारतीतील यंत्रावर जातो. अँटिव्हायरसला डेटाबेस, लॉग आणि रांग यांची फोल्डर्स वगळायला सांगितले, कारण त्याने एखादी लॉग फाइल संशयावरून उचलून नेली तर परिणाम हाताने पुसण्यासारखाच होतो.

सेटअपच्या खिडकीत पहिल्या डेटाबेसची जागा विचारली जात नाही, त्यामुळे तो मुकाट्याने एक्स्चेंजच्याच फोल्डरात तयार होतो. म्हणून या वेळी इन्स्टॉलेशन आज्ञेच्या ओळीवरून केले आणि डेटाबेसचे नाव, त्याची फाइल आणि लॉगचे फोल्डर तेथेच सांगून टाकले. नंतर हलवताही येते, पण तेवढा वेळ डेटाबेस उतरवावा लागतो.

इन्स्टॉलेशनपूर्वी एक रात्र जेटस्ट्रेस चालवला. हे साधन एक्स्चेंजसारखेच वाचन-लेखन रिकाम्या डिस्कवर करून पाहते. डेटाबेसचे सरासरी वाचन २० मिलिसेकंदांच्या आत आणि लॉगचे लेखन १० च्या आत राहिले, तर डिस्क पास. चालू सर्व्हरवर ते कधीही चालवू नये. आमच्या जोड्या त्याहून बऱ्याच खाली राहिल्या. मात्र चाचणी सुरू झाल्यावर तासाभरात एका डिस्कने चुका दाखवायला सुरुवात केली आणि ती मेल येण्याआधीच बदलून मिळाली.

स्थलांतराला अकरा रात्री लागल्या. रोज दहा-अकरा मेलबॉक्स, पहाटे पूर्ण बॅकअप आणि सकाळी आठला लॉगच्या ड्राइव्हवरील मोकळ्या जागेची नोंद. ती नोंद करायला पहिल्या दिवसापासून लेखापाल स्वतः उभे राहत. आता रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कोणत्या खाचेत कोणती डिस्क, ती कधी बसवली, कार्डाचा कपॅसिटर कधी तपासला आणि दर सोमवारी प्रत्येक ड्राइव्हवर किती जागा शिल्लक होती, हे त्यांच्या अक्षरात लिहिलेले आहे. शेवटच्या सोमवारी रांगेच्या ड्राइव्हसमोर ७८ जीबी असा आकडा होता.